पिवळ्या रेषेवरची वही

रुवैसहून पहाटे चारची बस.
बाहेर सबखा, खारट, चंद्र नसतानाही पांढुरकी.
पुढच्या बाकावर नो साहेब झोपलेले, मान ताठ,
जणू तीही क्रेनच्या टोकाला टांगलीय.

इंधन मी उचलत नाही.
ते यंत्र उचलतं, आणि यंत्राला नो साहेब
कोरियनमध्ये हळूहळू समजावतात.
मी तळ्याच्या काठी, पिवळ्या रेषेवर, वही घेऊन बसते.
माणूस आत काय घेऊन गेला ते लिहायचं,
तेवढंच बाहेर आलं का ते मोजायचं.
टॉर्च एक. पाना एक, मनगटाला साखळीने.
चष्मा एक, दोरीसकट.
खिसे शिवलेले. अंगठी नाही. टोपणाचं पेन नाही.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
म्हणजे सोवळंच की गं.
मी हसले. मग म्हटलं, हो.

नवं इंधन येतं तेव्हा सगळे मऊ बोलतात.
दोनशे छत्तीस नळ्यांची एक जुडी,
माझ्या अडीच पट उंच.
पांढरे सुती हातमोजे घालून मौझा
सुईण बाळाची बोटं मोजते तशी एकेक नळी बघते,
ओरखडा शोधते, सापडत नाही, पुन्हा शोधते.
अजून ते कुणाचं काही वाईट करत नाही.
शेजारी उभं राहून डबा खाता येईल,
रेषेच्या आत डबा चालत असता तर.

मग ते आत जातं, चारेक वर्षं काढतं,
आणि पाण्याखालून, पाण्याखालूनच, परत येतं.
दिसायला तेच. लांबीला तेच.
पण आता मध्ये एवढं पाणी नसेल
तर त्याच्याकडे पाहायला कुणी उरणार नाही.
पाण्यात एक निळं असतं.
निरांजनाच्या ज्योतीच्या बुडाशी असतं ते, थोडं.
बाकीचं कशासारखंच नाही.

चुलीचं बरं होतं, सकाळी राख काढून भांडी घासायची.
याची राख होत नाही. हे विझवलं तरी तापतं.
शिळ्या कढीला ऊत, म्हणतो ना आपण,
इथे तो वर्षानुवर्षं असतो,
म्हणून पंप, पंपाला दुसरा पंप,
त्याला डिझेल, आणि डिझेलवर नजर ठेवायला माणूस.

मंगळवारी रात्री ताळा जमेना.
बिजय थापा. चष्मा आत एक, बाहेर एक,
पण डाव्या दांडीला स्क्रू नव्हता.
तिळाएवढा स्क्रू.
नो साहेबांनी हातातली जुडी तिच्या जागी ठेवली आणि काम थांबवलं.
कॅमेरा खाली सोडला. रॅकमागून रॅक,
पडद्यावर निळं, निळ्यात चौकटी, चौकटीत काहीच नाही.
कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

पाच तासांनी बिजय माझ्यापाशी आला,
कॅमेऱ्याकडे नाही, मौझाकडे नाही, माझ्याकडे.
दिदी, म्हणाला, स्क्रू रमजानच्या आधीच गेला.
दांडी नायलॉनच्या धाग्याने बांधलीय.
या महिन्यात बहिणीची फी होती.

धागा दिसत होता. आताही दिसत होता.
रोज सकाळी माझ्या समोरून गेला होता तो,
आणि मी लिहिलं होतं, चष्मा एक.

खोडायचं नसतं. एक सरळ रेघ मारायची,
जुनं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, वेळ.
मी लिहिलं: स्क्रू आत गेलाच नव्हता.
मग तीन वाजून चाळीस मिनिटांनी, कुणी विचारलं नसताना,
खाली आणखी एक ओळ:
मी पाहिलं नव्हतं.
सु. चुरी.

परतीच्या बसमध्ये उजव्या हाताला समुद्र,
आंघोळीच्या पाण्याइतका कोमट, एकही लाट नसलेला.
बिजय चष्मा काढून झोपला होता, मुठीत धरून.

बुधवारची पहिली नोंद:
थापा. टॉर्च एक. हातमोजे दोन.
चष्मा एक, नवा नाही, डावी दांडी
काळ्या धाग्याने, गाठी तीन.